ऑटोकॅडमध्ये व्ह्यूपोर्टला १:१००, आणि शीटवर नुसता ठिपका

नवखा_आरेखक
सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, लाज बाजूला ठेवून विचारतोय. डिप्लोमा झाला, आठ महिने झाले नाशिकमध्ये एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात आहे. आजवर दुसऱ्यांनी लावलेल्या शीटवर दुरुस्त्या करायचो. या वेळी एका बंगल्याचा अख्खा सेट माझ्याकडे आला. बाहेरून बाहेर १२ × ९ मीटर, तळमजला अधिक एक.

मोजणीदाराकडून प्लॉटची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) आली होती, त्यातच मी प्लॅन काढत गेलो. ऑटोकॅडमध्ये लेआउट (छापायचं पान) घेतला, कागद ए३, व्ह्यूपोर्ट (त्या पानावरची, ड्रॉइंग दाखवणारी खिडकी) ओढला आणि खालच्या यादीतून १:१०० निवडलं. प्लॅन गायब. नीट बघितलं तर मध्यभागी एक ठिपका. तोच बंगला. यादीतली सगळी प्रमाणं लावून पाहिली, एकही जमेना.

आणि मग जे करू नये ते केलं. माऊसचं चाक फिरवून चौकटीत बसेल इतका प्लॅन मोठा केला आणि टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरच्या नाव-प्रमाणाच्या चौकटीत) १:१०० लिहून टाकलं. प्रिंट साइटवर गेली. एक माप लिहायचं राहिलं होतं, तिथे सेंट्रिंगवाल्याने पट्टी लावली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अगदी शांतपणे विचारलं, "हे कुठलं स्केल रे?" ओरडले असते तरी चाललं असतं.

काय चुकतंय? (मोबाइलवरून लिहितोय, कमांड उच्चारल्याप्रमाणे मराठीत लिहिल्या आहेत, चालवून घ्या.)

इंटिरियरवाली
सोमवार, रात्री ११:०५

सगळं सिलेक्ट कर, स्केल कमांड, १०००, एंटर. मग यादीतलं १:१०० चालेल. आम्ही डोळे झाकून हेच करतो. झोप आता.

शिसपेन्सिल
मंगळवार, सकाळी ६:१५

इंटिरियरवाली ताई, डोळे उघडून करा. मीटरचीच फाइल आहे हे कशावरून? तिने... माफ करा, त्याने अजून सांगितलेलंच नाही.

नवख्या, एक काम कर. फाइलमधलं एखादं दार शोध आणि डिस्ट (अंतर मोजायची कमांड) मारून त्याची रुंदी बघ. ९०० आलं तर मिलिमीटर, ९० आलं तर सेंटिमीटर, ०.९ आलं तर मीटर. ३५.४३ आलं तर इंच आणि २.९५ आलं तर फूट. युनिट्सच्या खिडकीत काय लिहिलंय ते मला सांगू नकोस. तिथे कोणीही काहीही निवडून ठेवतं. दार मात्र खोटं बोलत नाही.

उत्तर आलं की पुढचं सांगतो. मी फिरायला चाललो.

नवखा_आरेखक
मंगळवार, सकाळी ९:५०

काका, ०.९ आलं. आणि गंमत म्हणजे युनिट्सच्या खिडकीत 'इंच' आहे!

शिसपेन्सिल
मंगळवार, सकाळी ११:२०

वाटलंच. आता नीट वाच, एकदाच समजून घे, मग जन्मभर यादीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

मॉडेलमध्ये आपण वस्तू आहे त्या मापाची काढतो. पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने १२ म्हणजे नुसतं १२. मीटर, फूट, कोस, त्याला काही देणंघेणं नाही. लेआउटचा कागद मात्र खराखुरा असतो. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये तो मिलिमीटरमध्ये मोजला जातो, ए३ म्हणजे ४२० × २९७.

आता यादीतलं १:१०० म्हणजे काय? कागदावरचं १ युनिट बरोबर मॉडेलमधली १०० युनिटं. बस्स. मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर १ मिमीत १०० मिमी, हिशोब जुळला. तुझं मॉडेल मीटरमध्ये आहे, म्हणून १ मिमीत १०० मीटर गेले. तू एक लाखास एक प्रमाण लावलंस बाबा, तालुक्याचा नकाशा काढतोयस. १२ मीटरचं घर कागदावर ०.१२ मिमी झालं. आमच्या वेळचं ०.१३ चं रोटरिंग पेन टेकवलं असतंस तर अख्खा बंगला शाईखाली गेला असता.

हिशोब असा: ड्रॉइंगच्या एका युनिटात मिलिमीटर किती, त्याला प्रमाणाच्या आकड्याने भागायचं. मीटरमध्ये १०००, भागिले १००, आले १०. व्ह्यूपोर्टच्या आत दोनदा क्लिक कर, झूम, मग १०एक्सपी, एंटर. एक्सपी विसरलास तर नुसतं दहापट झूम होईल आणि तू परत इथे येशील. 'कागदाच्या तुलनेत' असं सांगणारी तीच दोन अक्षरं आहेत.

टाइप करायचं नसेल तर बाहेर येऊन व्ह्यूपोर्टची चौकट निवड आणि प्रॉपर्टीजमध्ये कस्टम स्केलला १० लिही. एकच गोष्ट. आणि लगेच तिथेच 'डिस्प्ले लॉक्ड' चालू कर. नाहीतर चहा पिऊन येशील, चाक फिरवशील आणि १:१०० चं १:९३.७ होईल. ते कळणारही नाही.

मिलिमीटरच्या फाइलला ०.०१. सेंटिमीटरच्या फाइलला ०.१. इंचाच्या फाइलला २५.४ भागिले १००, म्हणजे ०.२५४. फुटाच्या फाइलला ३.०४८. हे पाठ करू नकोस, भागाकार पाठ कर.

साखळीवाला
मंगळवार, दुपारी १:३०

काकांना दंडवत. मी मोजणीवाला, म्हणजे ज्याच्या फाइलमुळे हे सगळं झालं त्या जमातीतला.

मीटरवाल्यांसाठी तोंडी हिशोब: १:१०० ला १०, १:२०० ला ५, १:५०० ला २, १:१००० ला १. प्रमाण गुणिले हा आकडा दरवेळी १०००. साइट प्लॅन १:५०० ला लावायचा असेल तर २एक्सपी, विषय संपला.

आता इंटिरियरवाली ताईंच्या सल्ल्याबद्दल. आमची फाइल १००० ने कृपया गुणू नका. टोटल स्टेशनची किंवा डीजीपीएसची (ही आमची मोजणीची यंत्रं) फाइल बऱ्याचदा यूटीएम कोऑर्डिनेटवर असते, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या आकड्यांवर. नाशिकच्या बाजूला इस्टिंग (पूर्वेचा आकडा) पावणेचार लाखांच्या आसपास आणि नॉर्दिंग (उत्तरेचा) बावीस लाखांच्या थोडं वर. १००० ने गुणलंत की नॉर्दिंग गेलं दोनशे एकवीस कोटींच्या घरात. मग हॅच (आत भरलेल्या रेघा) फुटतं, गोलाईच्या कडा थरथरतात, आणि फोन मला येतो: "तुमची फाइल खराब आहे." शिवाय शून्य-शून्य सोडून भलत्याच बिंदूवरून स्केल केलं असेल तर पुन्हा जागेवर बसवणं अशक्य. रस्ता रुंदीकरणाची रेषा शेजारच्या विहिरीतून जाताना पाहिली आहे मी.

लोखंडी_सांधा
मंगळवार, दुपारी २:१०

आम्ही भोसरीवाले, यंत्रांचे भाग काढणारे. मिलिमीटर सोडून दुसरं काही असतं हेच आम्हाला माहीत नाही. तुम्ही सिव्हिलवाले एकदा ठरवून का टाकत नाही? एका धंद्यात मीटर, मिमी, फूट, ब्रास, गुंठा!

साखळीवाला
मंगळवार, दुपारी २:४०

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्यात मिलिमीटर घुसवून दाखवा आधी, मग ठरवू.

इंटिरियरवाली
मंगळवार, दुपारी ३:००

बरं बाबा, चुकलं. माझ्याकडे फ्लॅटच असतात, शून्याजवळ काढलेले, तिथे १००० ने गुणून कधी काही बिघडलं नाही. यूटीएम डोक्यातच नव्हतं.

नवखा_आरेखक
मंगळवार, संध्याकाळी ७:१५

काका, १०एक्सपी टाकलं आणि प्लॅन टुणकन चौकटीत बसला! तुम्ही सांगितल्याप्रमाणे लॉक केला.

पण खात्री म्हणून प्रिंट काढून पट्टी लावली. १२ मीटरची भिंत १२० मिमी यायला हवी, आली ११६. ३.६० ची बेडरूम ३६ च्या जागी पावणेपस्तीस, फार तर ३४.८. तीन वेळा कस्टम स्केल पाहिलं, १० च आहे. आता काय?

फूटइंच
मंगळवार, रात्री ९:३०

न्यू जर्सीहून. हा आजार मला ओळखीचा वाटतो. आमच्याकडे एका फुटाला पाव इंच, एका फुटाला अष्टमांश इंच असली प्रमाणं. पाव इंच म्हणजे १:४८, अष्टमांश म्हणजे १:९६. भारतातून आउटसोर्सिंगवर काम करणारी मुलं ते १:५० आणि १:१०० समजून चालतात, 'जवळपास तेच' म्हणून. फरक बरोबर चार टक्के. तुझा फरकही तेवढाच दिसतोय. ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये कुठे १:९६ घुसलंय का बघ.

वाळवंटातला_मालवणी
मंगळवार, रात्री १०:०५

फूटइंच भाऊ, दिशा बघा. १:९६ लागलं असतं तर चित्र मोठं आलं असतं. १२ मीटरचे १२५ मिमी. ह्याचं लहान आलंय. १२० चे ११६, छत्तीसचे ३४.८, दोन्हीकडे गुणोत्तर ०.९६६ च्या आसपास. सगळीकडे सारखं लहान होतंय म्हणजे व्ह्यूपोर्ट निर्दोष आहे. चोर बाहेर आहे.

नवख्या, तू पीडीएफ काढून मग प्रिंट दिलीस ना? आणि पीडीएफच्या प्रिंट खिडकीत 'फिट' होतं ना?

ऑफिसच्या लेझर प्रिंटरला कडेला चार-पाच मिलिमीटर छापता येत नाही. फिट म्हटलं की तो ए३ चं अख्खं पान त्या उरलेल्या जागेत कोंबतो. २९७ चे २८७ केले की गुणोत्तर ०.९६६. जुळलं? तिथे 'अ‍ॅक्च्युअल साइझ' निवड. आणि शीटची बाहेरची चौकट कडेपासून १० मिमी आत घे, म्हणजे कापली जाणार नाही.

ऑटोकॅडच्या प्लॉट खिडकीतही बघून घे. लेआउटमधून प्लॉट काढताना 'लेआउट' निवडायचं आणि प्लॉट स्केल १:१, एक मिमीला एक युनिट. काही जण इथेही १:१०० लावतात. व्ह्यूपोर्टने एकदा शंभराने भागलंय, तुम्ही परत भागता. 'एक्स्टेंट्स' आणि 'फिट टू पेपर' ही जोडी तर शत्रूलाही देऊ नये.

नवखा_आरेखक
मंगळवार, रात्री १०:३०

फिटच होतं. 😐 उद्या ऑफिसात गेल्या गेल्या बघतो.

फूटइंच
मंगळवार, रात्री १०:४०

मालवणी, मान्य. लहान की मोठं हे आधी विचारायला हवं होतं मी. कॉफी झाली नव्हती.

वाळवंटातला_मालवणी
बुधवार, सकाळी ८:००

हाच विषय निघालाय तर थोडं अवांतर. मी आबुधाबीत कन्सल्टंटकडे आहे. इथे टायटल ब्लॉकमध्ये नुसतं १:१०० चालत नाही, '१:१०० ए१ वर' असं लिहावं लागतं. कारण साइटवर सगळे ए३ च्या प्रिंट घेऊन फिरतात. ए१ चं ए३ केलं की लांबी-रुंदी बरोबर निम्मी, म्हणजे १:१०० चं १:२००. पट्टीची दुसरी बाजू लावली की काम होतं. पण ए३ चं ए४ केलं तर १:१४१. ही पट्टी जगात कोणाकडे नाही, लावणारे मात्र भेटतात.

म्हणून प्रत्येक व्ह्यूपोर्टखाली आखलेली प्रमाणपट्टी टाका, ०, १, २, ५ मीटरच्या काळ्या-पांढऱ्या खणांची. कागद आखडला तर तीही आखडते. आणि एक टीप: 'लिहिलेली मापे ग्राह्य धरावीत, स्केल लावू नये.' ती टीप असूनही लोक लावणारच, पण निदान भांडताना दाखवता येते.

शिसपेन्सिल
बुधवार, सकाळी ९:१०

मालवणी बरोबर. माझी त्यात एक भर. नवख्या, मॉडेलमध्ये कुठेतरी कोपऱ्यात १० मीटरची एक सरळ रेषा मार. लेआउटमध्ये, व्ह्यूपोर्टच्या बाहेर असताना, १०० मिमीची रेषा मारून तिच्यावर आणून ठेव. टोकाला टोक जुळलं तर १:१०० पक्कं. नाही जुळलं तर कुठलाही आकडा काहीही म्हणो, चूक आहे. शीट पाठवण्याआधी अर्ध्या मिनिटाचं काम. कागदावर कमी आलं आणि स्क्रीनवर जुळलं तर दोष छपाईचा. काल हे केलं असतंस तर थेट प्रिंटरकडे गेला असतास.

आम्ही १९९८ मध्ये ऑटोकॅडच्या आर१४ आवृत्तीवर काम करायचो तेव्हा बरेच जण पेपर स्पेसच्या, म्हणजे लेआउटच्या, वाटेलाच जात नसत. टायटल ब्लॉकच शंभरपट मोठा करून मॉडेलमध्ये प्लॅनभोवती ठेवायचा, अक्षरं २५० उंचीची, एलटीस्केल (तुटक रेषांचं प्रमाण) १००, आणि प्लॉट काढताना १:१००. एका शीटवर १:१०० चा प्लॅन आणि १:२० चा जिन्याचा तपशील हवा असेल तर तपशील पाचपट करून काढायचा आणि मापं हाताने टाइप करायची. हाताने! त्यानंतर जिना बदलला की कुठला आकडा खरा, हे ज्याने टाइप केला त्यालाच ठाऊक. तो नोकरी सोडून गेलेला असायचा.

नवखा_आरेखक
बुधवार, दुपारी १२:४५

अ‍ॅक्च्युअल साइझ केलं. १२० मिमी, पट्टीवर काटेकोर! बेडरूम ३६! दोन्ही रेषांची परीक्षाही पास.

तुम्ही सगळे हसाल, पण तिसरी अडचण आहे. जिना मी ऑफिसच्या जुन्या ब्लॉकमधून (साठवून ठेवलेल्या तयार चित्रातून) आणला. टाकला तेव्हा इतका मोठा आला की बंगला त्याच्या पहिल्या पायरीवर उभा. गोदाघाटाच्या पायऱ्याही इतक्या रुंद नसतील. मी अंदाजाने लहान करत करत बसवला होता.

फूटइंच
बुधवार, संध्याकाळी ६:२०

हा तरी माझा! तो ब्लॉक इंचात काढलेला आहे. १० इंचाची पायरी म्हणजे त्या फाइलमध्ये १० युनिटं, तुझ्या मीटरच्या फाइलमध्ये आली की १० मीटर. अंदाजाने लहान करू नको, परत आण आणि ०.०२५४ ने स्केल कर. मिलिमीटरच्या फाइलमध्ये आणलास तर २५.४ ने.

मुळात हे आपोआप व्हायला हवं. इन्सयुनिट्स नावाचा व्हेरिएबल आहे, इंचाला १, फुटाला २, मिलिमीटरला ४, सेंटिमीटरला ५, मीटरला ६. ब्लॉक आणि फाइल दोघांचे आकडे खरे असतील तर आणतानाच गुणाकार होतो. तुझी फाइल मीटरची आणि खिडकीत इंच, ब्लॉकही इंचाचा. दोघं सारखेच दिसले, मग त्याने कशाला बदलावं? आधी तुझ्या फाइलचं इन्सयुनिट्स ६ कर. नुसता आकडा बदलल्याने आधीचं काही लहान-मोठं होत नाही, घाबरू नको. पुढे येणाऱ्या ब्लॉकपुरतं ते आहे.

लोखंडी_सांधा
बुधवार, संध्याकाळी ७:००

म्हणून म्हणतो, मिलिमीटर.

साखळीवाला
बुधवार, रात्री ८:१५

सांध्या, अर्धं मान्य करतो. इमारत मिमीत असावी, गवंड्यापासून स्टीलवाल्यापर्यंत सगळे त्याच भाषेत बोलतात. पण जमीन मीटरमध्येच राहू दे.

नवख्या, तुझी चूक स्केलची नाहीच, एकाच फाइलमध्ये दोन्ही काढण्याची आहे. आता असं कर. नवीन फाइल मेट्रिक टेम्प्लेटवर उघड, एकेडीआयएसओ नावाची. नुसत्या एकेडीवर उघडलीस तर कागद इंचात मिळेल, आणि लेआउटमध्ये कर्सर ए३ च्या टोकाला नेल्यावर ४२० ऐवजी साडेसोळा दिसेल. मग वरचे सगळे भागाकार मुळापासून चुकतील.

इन्सयुनिट्स ६ केल्यावर जुन्या फाइलमधली फक्त इमारत डब्ल्यूब्लॉकने (निवडलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये काढणाऱ्या कमांडने) बाहेर काढ. बेस पॉइंट म्हणून ग्रिडचा पहिला कॉलम घे, युनिट मीटर निवड. नव्या फाइलमध्ये ०,० ला इन्सर्ट कर, तिचं इन्सयुनिट्स ४ असेल तर इमारत स्वतःच हजारपट होऊन येईल. दार ९०० आलं का बघ. इमारतीची शीटं इथून, यादीतलं साधं १:१००, १:५०, १:२० वापरून.

साइट प्लॅन मात्र माझ्या मीटरच्या फाइलमध्ये. तिथे इमारतीची फाइल एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून जोड. दोन्हीकडे इन्सयुनिट्स खरं असलं की ती ०.००१ ने आपोआप लहान होईल. जागेवर बसव, फिरव, व्ह्यूपोर्ट २एक्सपी. झाला १:५००.

परवानगीच्या शीटवर दोन्ही प्रमाणं एकत्र लागतील तर प्रत्येक व्ह्यूपोर्टखाली त्याचं त्याचं प्रमाण लिही आणि टायटल ब्लॉकमध्ये 'दर्शविल्याप्रमाणे'.

नवखा_आरेखक
गुरुवार, दुपारी ४:३०

साखळीवाले दादा, केलं. दार ९००. पण मीटरच्या साइट प्लॅनमध्ये अक्षरांचं काय? यादीतलं १:५०० निवडलं की अ‍ॅनोटेटिव्ह (प्रमाणानुसार आपोआप लहान-मोठी होणारी) अक्षरं डोंगराएवढी होतात. आणि हद्दीच्या तुटक रेषा मॉडेलमध्ये सलग दिसतात.

इंटिरियरवाली
गुरुवार, संध्याकाळी ५:४५

आता माझी पाळी, पहिल्या सल्ल्याची भरपाई करते.

अ‍ॅनोटेटिव्ह अक्षरंही त्याच यादीवर चालतात आणि ती यादी मिमीची आहे. तू स्वतःचं प्रमाण यादीत घाल. स्केललिस्टएडिट, अ‍ॅड, नाव '१:५०० मीटर', कागदाची युनिटं २, ड्रॉइंगची युनिटं १. १:१०० हवं असेल तर १० आणि १. मग अक्षराची कागदावरची उंची २.५ ठेव, मॉडेलमध्ये ती आपोआप सव्वा युनिट होईल, म्हणजे सव्वा मीटर. व्ह्यूपोर्टलाही हेच प्रमाण लाव. दोन्ही वेगळी असली तर खालच्या पट्टीवर जुळवायचं बटण असतं, ते दाब. बाकीची इंचवाली प्रमाणं त्याच खिडकीतून उडवून टाक, यादीत बोट घसरायला जागाच नको.

तुटक रेषांसाठी एलटीस्केल १, पीएसएलटीस्केल १, एमएसएलटीस्केल १, मग रीजेनऑल (म्हणजे चित्र पुन्हा आखून घेणं). रीजेनऑल विसरलं की लोक एलटीस्केल ०.३७ वगैरे करत बसतात.

आणि मलाही एक विचारायचंय. १:७५ चालतं का? फ्लॅटचा प्लॅन ए३ वर १:५० ला मावत नाही आणि १:१०० ला फर्निचर दिसत नाही.

लोखंडी_सांधा
गुरुवार, संध्याकाळी ६:१०

आयएसओ ५४५५ मध्ये (ड्रॉइंगच्या प्रमाणांचं आंतरराष्ट्रीय मानक) नाही. तिथे १, २, ५ आणि त्यांच्या दहाच्या पटी. १:५, १:१०, १:२०, १:५०, १:१००. मोठं करायचं तर २:१, ५:१, १०:१. आमच्याकडे खाचेचा तपशील ५:१ ला लागतो, व्ह्यूपोर्टला ५एक्सपी. तुमच्या साखळीवाल्याचं ५एक्सपी म्हणजे १:२००, माझं ५एक्सपी म्हणजे पाचपट मोठं. एकच आकडा!

शिसपेन्सिल
गुरुवार, रात्री ८:००

ताई, त्रिकोणी पट्ट्यांपैकी काहींवर १:७५ ची बाजू असते, सुतार वाचू शकेल. पण ती पट्टी त्याच्याकडे आहे का, हा प्रश्न. माझ्या अनुभवात सुताराकडे टेप असते आणि कानामागे पेन्सिल. मी तुमच्या जागी असतो तर ए२ घेतला असता, किंवा प्लॅन १:१०० ला ठेवून दोन खोल्या १:५० ला वेगळ्या व्ह्यूपोर्टमध्ये काढल्या असत्या. व्ह्यूपोर्ट फुकट आहेत. चौकटी मात्र वेगळ्या लेयरवर ठेवा आणि त्या लेयरचं प्लॉट बंद करा, नाहीतर प्लॅनभोवती दुखवट्याची चौकट छापून येते.

नवखा_आरेखक
शनिवार, दुपारी १:२०

शीट गेली. तीन व्ह्यूपोर्ट: तळमजला १:१००, पहिला मजला १:१००, जिन्याचा छेद १:२०. साइट प्लॅन वेगळ्या शीटवर १:५००. तिन्हीखाली प्रमाणपट्टी, सगळे लॉक.

साहेबांनी खणातून त्यांची जुनी पिवळी पडलेली पट्टी काढली. बाहेरची भिंत मोजली, मग जिन्याची पायरी. २५० ची पायरी १:२० ला साडेबारा मिमी, मी मनात मोजत उभा होतो. काही बोलले नाहीत, सही केली. जाता जाता फक्त म्हणाले, "ते राहिलेलं माप लिही." तेही लिहिलंय.

इंटिरियरवाली
शनिवार, दुपारी २:००

आणि सेंट्रिंगवाला?

नवखा_आरेखक
शनिवार, दुपारी २:१५

त्याने पाट्या उतरवून परत लावल्या, बारा सेंटिमीटरने. सोमवारी साइटवर जायचंय, पेढे घेऊन जातोय.